लिनक्स कर्नलचं पॅकेज घरी बांधायचं तर: माल कुठला भरायचा आणि यादी कुठं करायची

सांगलीत विश्रामबागला माझ्या मामाचा कॉम्प्युटर क्लास आहे, २२ मशीन, सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). मागं मामानं एक सेकंडहँड डिजिटल बोर्ड घेतला आणि त्याचा टच काही केल्या चालेना, कर्नलला (सिस्टीमचा गाभा, हार्डवेअर तोच चालवतो) त्याचा यूएसबी आयडी ओळखूच येत नव्हता. दोन ओळींचा पॅच (सोर्समधली दुरुस्ती) लावला की काम होतंय हे बघितलं, आणि मग म्हटलं प्रत्येक मशीनवर बसून कर्नल कोण कंपाईल करणार, एकदाच घरी बनवू, डेब पॅकेज (डेबियनची इन्स्टॉल करायची फाईल) बांधू आणि सगळीकडं टाकू. त्यात मी जे शिकलो (आणि जिथं तोंडावर आपटलो) ते सगळं इथं क्रमानं लिहितोय.

आधीच सांगतो, नुसता नवीन कर्नल पाहिजे असेल तर डेबियनच्या बॅकपोर्ट्समध्ये (आहे त्या डेबियनसाठी दिलेली नवी पॅकेजेस) तयार मिळतो, तो घ्या आणि गप्प बसा. पॅच लावायचा असेल नाहीतर पॅकेजिंग शिकायचंच असेल तरच या भानगडीत पडा. आणि कमांड, फाईलची नावं वगैरे मी इथं बोलतो तशी देवनागरीत लिहिलीत, टाईप करताना अर्थात रोमनमध्ये करायची.

तयारी

बिल्ड एसेन्शियल, बीसी, बायसन, फ्लेक्स, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, आरसिंक, सीपीआयओ, केमॉड आणि डेबहेल्पर एवढी पॅकेजेस टाकून घ्या. डिस्कवर २५-३० जीबी मोकळी ठेवा, कमी असेल तर अर्ध्या रात्री लिंकिंगच्या वेळी जागा संपते आणि सगळं मुसळ केरात. मी ६.१२ मालिका घेतली कारण ती लाँगटर्म आहे, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी, नोव्हेंबर २०२४ ला आली. सोर्सच्या टारबॉलबरोबर (सगळ्या फाईली एकत्र बांधून दाबलेली फाईल) सहीची फाईल मिळते, ती सही उघडलेल्या टारवर असते, दाबलेल्या एक्सझेडवर नाही, म्हणून आधी अनएक्सझेड करायचं आणि मग जीपीजीनं तपासायचं. उलटं केलं तर बॅड सिग्नेचर येतं आणि माणूस उगाच घाबरतो.

लाईट गेली तर काय? आमच्याकडं इन्व्हर्टर आहे तरी एकदा गेलीच. मेक (बिल्ड करणारी कमांड) परत चालवला की राहिलेल्या ठिकाणापासून पुढं सुरू होतो हे खरं, पण त्या क्षणी जी ऑब्जेक्ट फाईल (कंपाईल झालेला तुकडा, डॉट ओ) लिहिली जात होती ती शून्य बाईटची राहू शकते आणि मेकला वाटतं झाली तयार. म्हणून अशा वेळी आधी फाईंड लावून शून्य साईजच्या डॉट ओ फाईल उडवा, मगच मेक.

कॉन्फिग

चालू कर्नलची कॉन्फिग /बूट मधून उचला, सोर्सच्या फोल्डरमध्ये डॉट कॉन्फिग नावानं ठेवा आणि मेक ओल्डडेफकॉन्फिग मारा. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये सिस्टीम ट्रस्टेड कीज या ऑप्शनला डेबियनच्या स्वतःच्या सर्टिफिकेटचा पाथ असतो, ती फाईल तुमच्याकडं नसते, त्यामुळं बिल्ड "नो रूल टू मेक टार्गेट" म्हणून अडतं. ते ऑप्शन रिकामं करा. उबंटूवर त्याच्या जोडीला रिव्होकेशन कीजचंही तेच करावं लागतं. डीबग इन्फो लागत नसेल तर नन करा, नाहीतर डीबगचं वेगळं भलंमोठं पॅकेज तयार होतं आणि वेळ जातो तो वेगळाच.

मेक लोकलमॉडकॉन्फिगचा मोह सगळ्यांना होतो. आत्ता एलएसमॉड या कमांडमध्ये जे मॉड्यूल (गरजेला लोड होणारे कर्नलचे तुकडे, बहुतेक ड्रायव्हर) दिसतायत तेवढेच ठेवतो, बिल्ड झटक्यात होतं. पण त्या वेळी प्रिंटर लावलेला नव्हता, पेन ड्राईव्ह लावलेला नव्हता, तर त्यांचे मॉड्यूल गेले! वापरायचंच असेल तर प्रत्येक मशीनवर सगळं खोचून एलएसमॉडचं आउटपुट फाईलीत घ्या, सगळ्या फाईली एकाखाली एक जोडा आणि ती जोडलेली फाईल एलएसमॉड या व्हेरिएबलमधून द्या. मी नाही वापरला, मी पूर्ण बिल्ड केलं आणि नंतर पॅकेज करताना छाटलं. ते कसं अंगाशी आलं ते पुढं येतंयच.

आता लोकल व्हर्जन. कर्नलच्या आकड्यामागं आपली शेपटी लावायची, माझी होती "-क्लास१". हे शोभेला नाही. पॅकेजच्या नावात, /लिब/मॉड्यूल्स खालच्या फोल्डरच्या नावात आणि प्रत्येक मॉड्यूलच्या व्हरमॅजिकमध्ये (कुठल्या कर्नलसाठी बनलाय त्याची खूण) हीच स्ट्रिंग जाते, त्यामुळं दोन कर्नल शेजारी शेजारी सुखानं नांदतात. कॉन्फिग बदलून परत बिल्ड केलं आणि शेपटी तीच ठेवली तर नवीन पॅकेज चालू कर्नलच्या मॉड्यूलच्या उरावरच बसतं, मग चालू कर्नल जुना आणि डिस्कवरचे मॉड्यूल नवे, आणि मॉड्यूल लोड करायला गेलं की इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट येऊ शकतं. म्हणून दरवेळी आकडा वाढवा, क्लास२, क्लास३. शेपटीत अंडरस्कोअर नको, कॅपिटल नको, डेब पॅकेजच्या नावात ते चालत नाहीत. लोकलव्हर्जन ऑटो बंद ठेवा, नाहीतर गिट वापरत असाल तर मागं हॅशचं शेपूट लागतं. शेवटी मेक कर्नलरिलीज मारून नाव नक्की काय होणार ते बघून कागदावर लिहा.

सोपा रस्ता

मेक बिनडेब-पीकेजी. बस. वरच्या फोल्डरमध्ये इमेज, हेडर्स आणि लिबसी-डेव्ह अशी पॅकेजेस पडतात. इमेज टाकायचं, डीकेएमएसवाले (कर्नलच्या बाहेरचे, प्रत्येक कर्नलसाठी परत बांधावे लागणारे) ड्रायव्हर असतील तर हेडर्सही टाकायचं, लिबसी-डेव्ह सोडून द्यायचं, डिस्ट्रोचं आहे तेच बरं. आरपीएमवाल्यांना बिनआरपीएम-पीकेजी आहे, आर्चवाल्यांसाठी ६.११ पासून पॅकमन-पीकेजी आलं. ९० टक्के लोकांनी इथंच थांबावं. मी थांबलो नाही, कारण मला लहान पॅकेज पाहिजे होतं: क्लासातल्या जुन्या मशीनच्या डिस्क लहान आणि त्यात हजारो मॉड्यूल कशाला, म्हणून मुख्य आणि एक्स्ट्रा असे दोन भाग करायचे ठरवले.

त्या मॉड्यूल्स डॉट काहीतरी फाईली

भाग पाडायच्या आधी हे समजून घ्या, सगळा खेळ इथंच आहे. /लिब/मॉड्यूल्स खाली आपल्या कर्नलच्या फोल्डरमध्ये मॉड्यूलच्या झाडाशिवाय पंधराएक फाईली असतात, सगळ्यांचं नाव मॉड्यूल्सनं सुरू होतं, आणि बघणाऱ्याला सगळ्या सारख्याच वाटतात. त्या दोन वेगळ्या घरच्या आहेत.

पहिल्या घरच्या तीन: मॉड्यूल्स डॉट ऑर्डर, मॉड्यूल्स डॉट बिल्टइन आणि मॉड्यूल्स डॉट बिल्टइन डॉट मॉडइन्फो. या कर्नल बिल्ड होताना जन्मतात आणि नंतर कुठल्याही टूलनं परत बनवता येत नाहीत, कारण यातली माहिती फक्त बिल्डलाच माहीत असते. ऑर्डरमध्ये मेकफाईलमधला क्रम असतो, एकाच हार्डवेअरवर दोन ड्रायव्हर हक्क सांगत असतील तर कुणाला आधी बोलवायचं ते त्यावरून ठरतं. बिल्टइनमध्ये जे मॉड्यूल न होता थेट कर्नलच्या पोटात गेलेत त्यांची नावं. ही फाईल असेल तर पोटात असलेल्या ड्रायव्हरसाठी मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करणारी कमांड) केलं की ते गुपचूप यशस्वी म्हणून परत येतं, नसेल तर बोंब मारतं की मॉड्यूल सापडत नाही, आणि स्क्रिप्टा त्यावर अडतात. तिसरीत त्या पोटातल्यांचे पॅरामीटर, अलायस वगैरे, ती ५.२ पासून आली.

दुसऱ्या घरच्या डेपमॉड बनवतो: डेप, अलायस, सिम्बॉल्स, सॉफ्टडेप, डेव्हनेम आणि काहींच्या जोडीला डॉट बिन. डेपमॉड प्रत्येक मॉड्यूल उघडून बघतो, कोण कुणाचं सिम्बॉल (दुसऱ्याला वापरायला दिलेलं फंक्शन वगैरे) वापरतंय ते जुळवतो आणि यादी लिहितो. यूएसबी किंवा पीसीआय कार्ड दिसलं की कर्नल एक मॉडअलायस स्ट्रिंग ओरडतो, यूडेव्ह (हार्डवेअर जोडलं की जागा होणारा प्रोग्रॅम) ती ऐकतो आणि अलायसच्या यादीत शोधून मॉड्यूल लोड करतो, इतकं साधं आहे ते. एक गंमत: डेप, अलायस, सिम्बॉल्सच्या साध्या टेक्स्ट फाईली माणसांनी वाचायला आहेत, मॉडप्रोब डॉट बिनवालीच वाचतो. मी एकदा अर्धा तास मॉड्यूल्स डॉट डेप हातानं एडिट करत बसलो होतो, काय फरक पडणार कप्पाळ.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं (जमिनीतली कोठारं) ज्यांनी बघितलीत त्यांना पटकन कळेल. जमिनीखाली हळद भरलेली, वरून काही दिसत नाही, वही म्हणते तेवढंच खरं. डेपमॉडच्या फाईली म्हणजे ती वही. आणि वही माल जिथं उतरला तिथं लिहायची असते, माल निघाला त्या गावात नाही, वाटेत दोन पोती उतरवून घेतली तर वही खोटी. पहिल्या तीन फाईली मात्र पोत्यावरच्या चिठ्ठ्या आहेत, त्या मालाबरोबरच यायला पाहिजेत.

बिनडेब-पीकेजी डेपमॉडच्या फाईलीही पॅकेजमध्येच भरतो, आणि ते चालतं, कारण तिथं माल पूर्ण असतो. डेबियनचं स्वतःचं कर्नल पॅकेज त्या इन्स्टॉल होताना बनवतं, कर्नलबरोबरच्या आरपीएम स्पेकमध्येही त्या फाईली घोस्ट म्हणून लावतात, म्हणजे मालकी पॅकेजची पण मजकूर आत नाही. पॅकेज दोन भागांत फोडायचं असेल तर हाच रस्ता.

माझी फजिती

मी काय केलं, तर मॉड्यूल्स डॉट डेप उघडली, क्लासात लागणाऱ्या मॉड्यूलची नावं घेतली, प्रत्येकाच्या ओळीत जे लिहिलंय ते बरोबर घेतलं, बाकी सगळं एक्स्ट्रात. मुख्य पॅकेज एकदम सुटसुटीत झालं. शनिवारी संध्याकाळी क्लास सुटल्यावर सगळ्या २२ मशीनवर टाकलं (एकावर आधी बघायचं असतं हे माहीत होतं, तरी) आणि रीबूट केलं. एकाही मशीनला नेट नाही.

मामा म्हणाला, "अरे सकाळपर्यंत तर चालत हुतं, आता का चालंना?"

"मामा, बघतोय की."

"बघ बाबा, सोमवारी पोरांची परीक्षा हाय."

डीमेसेग (कर्नलचे मेसेज) बघितलं तर नेटवर्क कार्डाचा आर८१६९ ड्रायव्हर लोड झालाय, आणि तोच म्हणतोय की फायसाठीचा (कार्डावरचा, केबलशी बोलणारा भाग) ड्रायव्हर सापडला नाही, रिअलटेक डॉट केओ पाहिजे होता. आर८१६९ ला रिअलटेकचं फाय मॉड्यूल लागतं पण त्याचं कुठलंही सिम्बॉल तो वापरत नाही, म्हणून मॉड्यूल्स डॉट डेपमध्ये त्याचं नाव येतच नाही. ते येतं सॉफ्टडेपमध्ये, "प्री" म्हणून, म्हणजे आधी हे लोड करा. आणि सॉफ्टडेपची फाईल मी उघडलीच नव्हती.

बरं, नेट नाही तर एक्स्ट्रा पॅकेज पेन ड्राईव्हनं टाकू. पेन ड्राईव्ह माउंट होईना! कोडपेज (अक्षरांचा तक्ता) सीपी४३७ सापडत नाही म्हणे. व्हीफॅट (पेन ड्राईव्हवरची फाईल सिस्टीम) माउंट होताना कर्नल स्वतः आतून एनएलएस_सीपी४३७ नावाचं मॉड्यूल मागतो, आणि ही मागणी ना डेपमध्ये असते ना सॉफ्टडेपमध्ये, कारण ती माउंटच्या वेळी स्ट्रिंग जोडून तयार होते. क्रिप्टोची मॉड्यूलंही बरीचशी अशीच नावानं बोलावली जातात. शेवटी ग्रबच्या (बूटचा मेनू) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल एकेका मशीनवर उठवला. मामीनं भडंग आणून दिलं, ते खात रात्री अकरापर्यंत तेच चाललं होतं. जुना कर्नल काढून टाकला नव्हता हे नशीब. नवा निदान आठवडाभर नीट चालेपर्यंत जुना कधीही काढू नका.

मग बरोबर कसं करायचं

बिल्ड झालं की मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल एका रिकाम्या फोल्डरमध्ये करा, इन्स्टॉल_मॉड_पाथ त्याला दाखवून. इथं डेपमॉड आपोआप चालतो, चालू दे, निवड करायला ती यादी लागणार आहे. इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ द्या म्हणजे डीबगचा मळ निघून जातो. हे मेकलाच करू द्या, नंतर हातानं करू नका: मेकचा क्रम आधी कॉपी, मग स्ट्रिप, मग सही, मग कॉम्प्रेस असा ठरलेला आहे. मॉड्यूलची सही फाईलीच्या शेवटी चिकटवलेली असते, नंतर स्ट्रिप केलं की सहीच उडते. तसंच डेपमॉडनंतर तुम्ही हातानं झेडएसटीडीनं कॉम्प्रेस केलं तर यादीत नाव डॉट केओ आणि डिस्कवर डॉट केओ डॉट झेडएसटी, मग मॉडप्रोबला काही सापडत नाही. सही करायची प्रायव्हेट की सर्ट्स फोल्डरमध्ये तयार होते, ती पॅकेजमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका.

निवड करताना मॉड्यूल्स डॉट डेप वाचू नका. मॉडप्रोबलाच विचारा: -डी (स्मॉल) नं रिकामा फोल्डर दाखवा, -एस (कॅपिटल) नं व्हर्जन, आणि -डी (कॅपिटल) नं "काय काय लोड करशील ते नुसतं सांग". आर८१६९ दिलं की रिअलटेकपण येतं, सॉफ्टडेप धरूनच उत्तर मिळतं. त्यावर तिसऱ्या जातीचे, म्हणजे नावानं मागितले जाणारे, आपण हातानं घालायचे. त्यासाठी एनएलएस आणि क्रिप्टोची अख्खी फोल्डर मुख्य पॅकेजमध्ये टाकली, त्यात चिंगूसपणा करून काही वाचत नाही. बाकी यूएसबी स्टोरेज, एचआयडी, फाईल सिस्टीम, साउंड हे तुमच्या हार्डवेअरप्रमाणं. मॉडइन्फो -एफ (कॅपिटल) फर्मवेअर मारून कुठल्या मॉड्यूलला कुठली फर्मवेअर लागते तेही बघून घ्या, ती कर्नलच्या पॅकेजमध्ये नसते, वेगळी टाकावी लागते.

मग दोन फोल्डर करा. मुख्यमध्ये /बूट खाली व्हीएमलिनझ, सिस्टीम डॉट मॅप आणि कॉन्फिग (तिन्हींच्या मागं पूर्ण व्हर्जन लावून), निवडलेले मॉड्यूल, आणि त्या पहिल्या घरच्या तीन फाईली. डेपमॉडच्या सगळ्या फाईली आणि बिल्ड नावाची सिमलिंक काढून टाका. एक्स्ट्रामध्ये फक्त राहिलेले मॉड्यूल, एकही मॉड्यूल्स डॉट काही नको, नाहीतर दोन पॅकेजेसमध्ये एकच फाईल म्हणून डीपीकेजी (डेब पॅकेज टाकणारं टूल) भांडतो. एक्स्ट्राच्या कंट्रोल फाईलमध्ये डिपेंड्स मुख्यवर, तेही बरोबर त्याच व्हर्जनवर, बरोबरचं चिन्ह लावून. डीपीकेजी-डेबला रूट-ओनर-ग्रुपचं ऑप्शन द्या म्हणजे फाईलींची मालकी रूटकडं जाते.

पोस्टइन्स्टमध्ये (पॅकेज टाकल्यावर चालणारी स्क्रिप्ट) क्रम महत्त्वाचा. आधी डेपमॉड, आणि त्याला व्हर्जन सांगायचंच, नाहीतर तो चालू असलेल्या जुन्या कर्नलची यादी परत बनवतो आणि नव्याची तशीच रिकामी राहते. एरर न येता हे होतं म्हणून सापडायला वेळ लागतो. -एफ (कॅपिटल) देऊन /बूट मधला सिस्टीम मॅप दाखवा. त्यानंतर रन-पार्ट्सनं /ईटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी मधल्या हुक्स (ठरलेल्या वेळी चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टा) चालवा, व्हर्जन आणि इमेजचा पाथ देऊन, म्हणजे इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरचं गाठोडं) आणि ग्रब आपोआप होतात. हुक्सच्या आधी डेब_मेंट_पॅराम्स एक्सपोर्ट करा, हुक्स ते वाचतात. डेपमॉड नंतर केला आणि इनिटरॅमएफएस बनवताना यादी नसली किंवा जुनीच असली, तर डिस्कचा ड्रायव्हर आत न जाता बूट अडू शकतं. एक्स्ट्राच्या पोस्टइन्स्टमध्येही डेपमॉड आणि मग अपडेट-इनिटरॅमएफएस -यू, आणि एक्स्ट्रा काढल्यावरही डेपमॉड, कारण माल बदलला की वही बदलली पाहिजे.

मुख्यच्या पोस्टआरएममध्ये (पॅकेज काढल्यावर चालणारी स्क्रिप्ट) पोस्टआरएम.डी च्या हुक्स चालवा, आणि डेपमॉडनं बनवलेल्या फाईली एकेक नाव घेऊन काढा. डीपीकेजीला त्या माहीत नसतात, नाही काढल्या तर "फोल्डर रिकामं नाही" म्हणून तो तसाच सोडून जातो. पण आरएम -आरएफ नको! त्याच फोल्डरखाली अपडेट्समध्ये डीकेएमएसनं बनवलेली दुसऱ्याची मॉड्यूलं असू शकतात.

टाकायच्या आधी

डीपीकेजी-डेब -सी नं आत काय भरलंय ते डोळ्याखालून घाला. मग -एक्सनं मुख्य पॅकेज एका टेम्प फोल्डरमध्ये उघडा आणि तिथं डेपमॉड -बी नं तो फोल्डर, -ई नं एरर, -एफ (कॅपिटल) नं त्याच पॅकेजमधला सिस्टीम मॅप देऊन चालवा, अनरिझॉल्व्हड सिम्बॉल आलं तर निवडीत काहीतरी सुटलंय. मॉड्यूल्स डॉट ऑर्डर उघडता आली नाही अशी वॉर्निंग आली तर ती फाईल भरायची राहिलीय. या फोल्डरवर परत मॉडप्रोबची ती विचारणा करा. हे डेपमॉड चालल्यावरच करा, आधी नाही, आणि इथं रिअलटेक दिसलं पाहिजे. मग एक मशीन, फक्त एक, आणि त्यावर ही यादी: नेट, पेन ड्राईव्ह, आवाज, प्रिंटर, स्लीपमधून उठणं.

दुसऱ्या खेपेला मी क्लास२ घेऊन गेलो ते बुधवारी, परीक्षा उरकल्यावर. दारातल्या मशीनवर टाकलं, रीबूट केलं, मामा मागं उभाच. नेट आलं, पेन ड्राईव्ह उघडला, बोर्डाचा टच चालला.

"आता बाकीच्यांवर टाक की," मामा म्हणाला.

म्हटलं, उद्या.